दुपारी दोन वाजता बेल का वाजत नव्हती

आमच्या रुग्णालयात तिला सगळे चौकसताई म्हणत. नाव कुणीतरी चेष्टेनं ठेवलं होतं. ती चिडली नाही. उलट विचारत सुटली, "हे पहिल्यांदा कोण म्हणालं? आणि कशावरून म्हणालं?" झालं, नाव पक्कं झालं.

आम्ही दोघी एकाच वर्षी नर्सिंगचं ट्रेनिंग करून नोकरीला लागलो. बावीस वर्षांनी दोघी तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर आलो. मधे जिना आणि लिफ्ट, डावीकडे माझा वॉर्ड, उजवीकडे तिचा. तिचा वॉर्ड हाडांचा. मोडलेले पाय, बदललेले गुडघे, खुब्याची ऑपरेशनं. अठ्ठावीस खाटा, आणि दिवसपाळीला दोन नर्स नि एक मावशी. एक रांग पुरुषांची, एक बायकांची, आणि दोन्हींच्या मधोमध काचेची केबिन होती. तिथं बसून नर्सला सगळे पेशंट दिसावेत म्हणून कुणा शहाण्यानं ती बांधली होती.

पेशंट कसा पडला हे कागदावर लिहिलेलं असलं तरी चौकसताई विचारणारच. कितव्या पायरीवरून? हातात काय होतं? पायात चप्पल कुठली? मोठे डॉक्टर एकदा म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला त्याचा पाय बरा करायचाय की जिना?" ती म्हणाली, "सर, जिना बरा झाला तर पुढचे चार पाय वाचतील." डॉक्टर हसले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

एका महिन्यात तिच्या वॉर्डात तीन पेशंट पडले. तिघंही खाटेवरून एकटेच उठून बाथरूमकडे निघाले होते. पहिले एक निवृत्त मास्तर, त्यांना खरचटण्यावर निभावलं. दुसरा ट्रकचालक, त्याच्या मनगटाला मुका मार लागला. तिसऱ्या मात्र एक आजीबाई होत्या, खुब्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम सहा दिवस झालेल्या. त्यांचं ऑपरेशन पुन्हा करावं लागलं.

आजींची खाट नव्या सिस्टरकडे होती. ही मुलगी आठ महिन्यांपूर्वीच लागली होती. मेट्रन मॅडमनी तिला मेमो दिला. 'पेशंट पडला तेव्हा आपण कुठे होता, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' ती केबिनमध्येच होती, आजींपासून पंधरा पावलांवर. सकाळी आठपासून पहिल्यांदा बसली होती आणि डब्यातला दुसरा घास तोंडात होता. हे लिहायचं कसं, या विचारानं तिनं खुलाशाऐवजी राजीनामाच लिहिला आणि चौकसताईला वाचायला दिला.

चौकसताईनं तो वाचला, घडी घालून आपल्या पर्समध्ये टाकला.

"अहो ताई, तो द्यायचाय मला मॅडमना."

"देशील गं. आधी मला सांग, आजींनी बेल वाजवली होती?"

"नाही."

"मास्तरांनी? त्या ट्रकवाल्यानं?"

"कुणीच नाही."

"का?"

नव्या सिस्टरला रडू फुटलं. तिला वाटलं, हीसुद्धा आपलीच उलटतपासणी घेतेय. चौकसताईच्या ते लक्षातही आलं नाही, ती तोवर नोंदवही उघडून बसली होती. दोन वाजून दहा मिनिटं. दोन पंचवीस. दोन पंधरा. तिन्ही नोंदी एका ओळीत याव्यात अशा.

आम्ही सगळ्यांनी आपापली अक्कल चालवली. जेवणानंतर सुस्ती येते, औषधानं गुंगी येते, म्हातारी माणसं ऐकत नाहीत. ती म्हणाली, "सुस्ती आलेला माणूस उठेल कशाला?" आणि तिनं एक वही सुरू केली. कितव्या खाटेवरून किती वाजता बेल वाजली, एवढंच त्यात लिहायचं. आठवड्यानं ती वही घेऊन माझ्याकडे आली.

"हे बघ. बारा ते एक, रोज अठरा-एकोणीस बेला. एक ते दोन, सतरा. दोन ते अडीच, एक. कधी कधी तीही नाही. अडीचनंतर बघ, सगळ्यांना एकदम आठवण येते. मूत्राशयाला जेवणाची सुट्टी असते का गं?"

मी हसले. ती हसली नाही.

मग तिनं पेशंटनाच विचारलं. बेल का नाही वाजवली? मास्तर म्हणाले, लक्षात नाही राहिलं. ट्रकचालक म्हणाला, वाटलं जमेल. आजी म्हणाल्या, बेल सापडली नाही. बेल त्यांच्या उशीलाच बांधलेली होती. कुणी ताकास तूर लागू देईना.

उत्तर तिला घरी मिळालं, तेही पेशंटकडून नाही. त्या संध्याकाळी ती घरी जाऊन खुर्चीत टेकली. पायांच्या शिरा फुगल्या होत्या, म्हणून पाय समोरच्या तिवईवर ठेवले. डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरातून धडधड आवाज आला. सासूबाई स्टुलावर चढून फळीवरचा साखरेचा डबा काढत होत्या आणि स्टूल डगमगत होतं. वय वर्षं एकोणऐंशी.

"आई! मी इथं बसलेय ना? हाक मारायची!"

"तू नुकतीच टेकली होतीस," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, दिवसभर लोकांचं करून आलीय, कशाला उठवा."

मला हे सांगताना ती म्हणाली, "अगं, मी त्यांना उतरवायचं सोडून तिथंच उभी राहिले. त्या वरून ओरडायला लागल्या, की आता उठलीच आहेस तर हात तरी दे."

दुसऱ्या दिवशी ती नऊ नंबरच्या खाटेशी गेली. तिथं घड्याळं दुरुस्त करणारे एक काका होते. चाळीस वर्षं भिंगातून बारीक चाकं बघितलेला माणूस. गुडघा बदलून पडून होते आणि बघायला दुसरं काही नसल्यामुळे आम्हालाच बघत होते. तिनं प्रश्न बदलून विचारला.

"काका, आम्ही जेवायला कधी बसतो हो?"

"दोन वाजून पाच मिनिटांनी तुमचा डबा उघडतो," काका म्हणाले. "त्या लहान सिस्टरचा दहा मिनिटांनी. ती आधी भिंतीला पाठ टेकून डोळे मिटते. तुम्ही डाव्या पायातली चप्पल काढता, उजव्या नाही. मावशी उभ्यानंच खातात."

"आणि तेव्हा तुम्हाला बाथरूमला जायचं झालं तर?"

काकांनी आधी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. मग म्हणाले, "थांबतो. सगळेच थांबतात. आमचं ठरलंय तसं. कुणी बेलला हात घातला की शेजारचा म्हणतो, अहो, जेवू द्या त्यांना. त्या आजीबाई तर तुमच्या त्या मुलीकडं बघून म्हणाल्या, पोरीनं सकाळपासून पाणी नाही घेतलं. आणि मग हळूच पाय खाली सोडला."

चौकसताई तिथंच खाटेच्या कडेला बसली. आमच्याकडे पेशंटच्या खाटेवर बसणं नियमात बसत नाही. पण ती बसली.

काचेतून आम्ही पेशंट बघत होतो. पेशंटही आम्हाला बघत होते, हे बावीस वर्षांत आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

आता इथं गोष्ट संपायला हवी होती, पण तिचा पहिला उपाय साफ फसला. तिनं केबिनच्या काचेला हिरवा पडदा लावला. जेवणारी नर्स दिसायला नको, म्हणजे पेशंट संकोचणार नाहीत. झालं उलटंच. पडदा दिसला की पेशंटना वाटे, आत सिस्टर जेवतायत. पडदा दिवसभर होता, त्यामुळे दिवसभर बेला कमी झाल्या. चौथ्या दिवशी एक बाई कुबडीशिवाय अर्ध्या वॉर्डापर्यंत पोचल्या होत्या. मावशीनं त्यांना कमरेला धरून अलगद खाली बसवलं म्हणून वाचल्या. त्याच दिवशी पडदा उतरला.

"नुसतं लपवून भागायचं नाही," ती मला म्हणाली. "आपण खरंच जेवायला पाहिजे, आणि तेव्हा वॉर्डात कुणीतरी खरंच मोकळं पाहिजे." मग खरं काम काढलं. दोन्ही वॉर्डांच्या मिळून आम्ही चौघी. एक ते तीन या वेळात एकीनं एका वेळी अर्धा तास जेवायचं, तेही वॉर्डाबाहेर. उरलेल्या तिघींनी दोन्ही वॉर्ड सांभाळायचे.

मी सरळ नाही म्हटलं. हे सांगायला मला आज लाज वाटते, पण म्हटलं. "आमचंच आम्हाला पुरे झालंय. तुझ्या वॉर्डाचं लोढणं माझ्या गळ्यात कशाला?"

तिनं वाद घातला नाही. तिनं विचारलं, "तू आज पाणी किती वाजता प्यालीस?"

दुपारचे चार वाजले होते. मला आठवेना. आठवेना, कारण मी प्यालेच नव्हते. नर्सेसचं बाथरूम तळमजल्यावर होतं. तिथं जाऊन यायला बारा मिनिटं लागत, म्हणून मी पाणीच कमी केलं होतं. कधीपासून, तेही आठवेना. वर्षातून दोनदा लघवीला जळजळ व्हायची, गोळ्या घ्यायचे आणि पेशंटना मात्र सांगायचे, पाणी भरपूर प्या हो.

"तू हे सगळ्यांना विचारतेस का?" मी चिडून विचारलं.

"कालपासून. अकरा जणींना विचारलं. तिघी प्याल्या होत्या."

मी हो म्हटलं.

मेट्रन मॅडम करड्या होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांच्या टेबलावर चौकसताईनं वही ठेवली आणि मी शेजारी उभी राहिले. मॅडमनी चष्मा लावून सगळी वही पाहिली.

"नर्सचं जेवण आणि पेशंटचं पडणं, याचा काय संबंध?"

चौकसताईनं घड्याळवाले काका जे म्हणाले ते सगळं सांगितलं. डाव्या पायातल्या चपलेसकट. मॅडम ऐकत राहिल्या. मग अनपेक्षितपणे म्हणाल्या, "मी वॉर्डात होते तेव्हा औषधांच्या ट्रॉलीमागं उभी राहून खायचे. मला वाटायचं, कुणाला दिसत नाही."

"दिसत असणार, मॅडम."

"जेवायला जागा कुठून आणू मी?"

जिन्याजवळ प्लास्टरचं सामान ठेवायची एक खोली होती. तिच्यात निम्मं सामान वापरात नसलेलं होतं. आणि खोलीला लागून एक बाथरूम होतं, कायम कुलूपबंद. तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी राखलेलं. साहेब दोन वर्षांतून एकदा येत आणि बहुधा हात धुऊन जात. किल्ली मॅडमच्या खणात होती. त्यांनी खण उघडला, किल्ली टेबलावर सरकवली आणि म्हणाल्या, "महिनाभर बघू."

त्या महिन्यात रोज सव्वाबारा वाजता दोन्ही वॉर्डांत एक फेरी सुरू झाली. प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारायचं, बाथरूमला जायचंय का, पाणी हाताशी आहे का. चौकसताई पेशंटना उघडच सांगे, "आमचं जेवण आता नीट होतं. तुम्ही दया दाखवू नका, बेल वाजवा." एक-दोघांचा विश्वास बसेना. घड्याळवाल्या काकांनी घरी जायच्या आधी सगळ्यांना ग्वाही दिली, की मी स्वतः वेळ मोजली आहे, सिस्टर पूर्ण अठ्ठावीस मिनिटं जेवायला बाहेर होती.

पहिले काही दिवस आम्हालाच जमेना. मी त्या खोलीत पाच मिनिटांत जेवून उठायचे आणि दाराशी घुटमळायचे. नवी सिस्टर तर खुर्चीत बसल्या बसल्या झोपून गेली, आणि तिला उठवायला गेलेली मावशी दार लोटून तशीच परत आली. म्हणाली, "अजून नऊ मिनिटं आहेत तिची."

महिना संपल्यावर मॅडमनी वही मागवली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय? दोन ते अडीच, रोज चौदा बेला? पूर्वी एक होती. हे सुधारलं की बिघडलं?"

"सुधारलं, मॅडम," चौकसताई म्हणाली. "बेल वाजली म्हणजे पेशंट अजून खाटेवर आहे."

महिन्यात कुणी पडलं नव्हतं. पुढच्या सहा महिन्यांत एकच जण पडला, तोही सकाळी दहाला, ओल्या फरशीवरून. आणि चौकसताई लगेच उकिडवी बसून मावशीला विचारायला लागली, की फडकं पिळता कुठल्या बाजूला उभं राहून.

मेमोचं काय झालं, तर मॅडमनी तो फाडला नाही. फायलीतला कागद फाडता येत नाही म्हणाल्या. त्याच्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'कारण सापडले. सिस्टरचा दोष नाही,' आणि बेलांच्या वहीची नक्कल जोडली. राजीनामा चौकसताईच्या पर्समध्ये पडून पडून चुरगळला. नवी सिस्टर तो मागायला कधी आली नाही.

आजीबाईंचं सगळं काही गोड झालं नाही. पाच आठवडे जास्त राहावं लागलं आणि त्या एका पायानं जरा लंगडतच घरी गेल्या. त्यांचा मुलगा रागावलेला होता, आणि त्याचं चुकत नव्हतं. निघायच्या दिवशी नव्या सिस्टरनं त्याला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं, की तुमच्या आईनं माझं जेवण मोडू नये म्हणून बेल वाजवली नाही. तिला हे सांगायला कुणी सांगितलं नव्हतं. तो वळून आईकडे बघू लागला. आजींनीच चाकांच्या खुर्चीतून मान वळवून विचारलं, "मग आज जेवलीस का गं?"

"हो आजी. दीड वाजता."

"काय होतं डब्यात?" आजींनी विचारलं, आणि लिफ्ट येईपर्यंत ती त्यांना सांगत राहिली.