राखणदाराचा अर्धा उंडा

भूत भेटावं म्हणून मी एकदा बैलगाडीत बसले होते. हसू नका. बाकीचे भ्यायला बसले होते, मी भेटायला. म्हणजे भूत कुठलंही चाललं नसतं हं, मला एकच हवं होतं.

झालं होतं असं की माझे वडील गेले तेव्हा मी सासरी, गोव्यातल्याच चोपड्याला होते आणि माझे दिवस भरत आले होते. गर्भार बाईने प्रेत बघायचं नसतं. सासूबाईंनी मला आधी नुसतं "बाबांना बरं नाही" एवढंच सांगितलं. माझ्यासमोर कोणी रडलं नाही. मग बाळंतपण, मग सोयर, मग पाऊस. बाळ घेऊन मी मुळगावला माहेरी आले तेव्हा भिंतीवर फोटो लागला होता आणि फोटोवरचा हार वाळलासुद्धा होता. सगळ्यांचं रडून झालेलं. आई म्हणाली, "पोर अंगावर पितंय, तू रडू नकोस, दूध आटतं." झालं. नाही रडले.

पण त्याचं काय होतं सांगू? ज्याला गेलेला बघितला नाही तो माणूस जातच नाही. माझे बाबा मनात कायम डिचोलीच्या बाजारालाच गेलेले होते. गाडीवान होते ते. गावातल्या दुकानांचा माल बाजारातून आणायचे, आणि येताना रात्र व्हायची. लहानपणी आम्ही गाडीची घडघड ऐकत झोपायचो. चोपड्याला नदीकाठी घर, तिथे रात्री होडीच्या वल्ह्याचा आवाज यायचा, तरी मी दचकून उठायचे, की गाडी आली.

बाबांमागे गाडी आणि बैल धाकट्या काकाकडे आले. त्याला आम्ही बाप्पा म्हणायचो. तो आधी खाणीवर कामाला होता, वर्षातून सणावारी घरी यायचा. भाऊ गेला म्हणून खाण सोडून आला. पण तोवर माल आणायला टेम्पो आले होते, गाडीला काम उरलं नव्हतं. बाप्पा तोंडाने मात्र भारी. एकदा काकीचे माहेरचे लोक देवदर्शनाला आले, त्यांची शेवटची बस चुकली, म्हणून बाप्पाने त्यांना गाडीत घालून आणलं आणि वाटेत प्रत्येक वळणावरचं भूत सांगितलं. त्या लोकांना एवढी मजा आली की पुढच्या मे महिन्यात ते मुद्दाम भुतांसाठीच आले! मग दर वर्षी कोणी ना कोणी यायचंच. घरात त्याला 'भुतांची फेरी' म्हणायचे.

मी ऐकून होते, बघितली नव्हती. गोवा वेगळं राज्य झालं त्या मे महिन्यात मी माहेरी होते. काकीची मुंबईची बहीण आली होती, तिचे यजमान, आणि दोन मुली, एक दहावीला आणि एक तिच्याहून धाकटी. जेवताना बाप्पा म्हणाला, "ह्या खेपेक पळयात तुम्ही, परत येताना काजऱ्याच्या झाडाखाली देवचार आमची गाडी धरतो. चाक हलत नाही. दादा गेल्यापासून चालू झालंय हे."

माझा घास हातातच राहिला. दादा म्हणजे माझे बाबा.

"बाप्पा, मी पण येतले," म्हटलं.

"तू? पोराक कोण घेतलें?"

"आई घेईल."

आईने माझ्याकडे बघितलं आणि पोराला उचललं. तिला कळलं असावं.

निघालो. गाडीखाली कंदील टांगलेला, त्याच्या उजेडात चाकांच्या सावल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फिरत होत्या. बाप्पाने बैलांच्या घुंगुरमाळा काढून ठेवल्या होत्या. म्हणाला, घुंगरं वाजली की भुतांना आपण आलेलं कळतं, ती बाजूला होतात, मग तुम्हाला दाखवू काय, माझं तोंड? आधी डिचोलीच्या जुन्या बाजूला गेलो. दुकानं बंद, मंगलोरी कौलांची घरं एकमेकांना टेकून झोपलेली. एका पडक्या चौकीघराशी बाप्पाने गाडी उभी केली. इथे म्हणे पोर्तुगीज शिपाई रात्री विडी पेटवायला काडी मागतो.

"मराठीत मागतो की कोंकणीत?" मुंबईचे साडूभाऊ म्हणाले. त्या दिवसांत घरोघरी दुसरा विषयच नव्हता, एकाच ताटावर बसलेले भाऊ भाषेवरून भांडून उठायचे.

"त्याला मेल्यावर दोन्ही येतात," बाप्पा म्हणाला. "जिवंतपणी एकही येत नव्हती."

"अहो पण आता राज्य झालं तुमचं. भुतांना कळवलंत का?"

"कळवायला कशाला हवं? पाकले, ते पोर्तुगीज, असताना पण ती हीच होती, दिल्लीचा माणूस आला तेव्हा पण हीच होती. आपणच बदलतो हो साडूभाऊ. ती बिचारी आपापल्या जाग्यार."

मुली फिदीफिदी हसत होत्या, आणि हसता हसता आईच्या, म्हणजे त्या मुंबईच्या मावशीच्या, पदराखाली शिरत होत्या. पुढे एक विहीर लागली. तिथे अळवंतीण, म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई, पोराला न्हाऊ घालायला पाणी मागते. बाप्पाने तिचा आवाज काढला तेव्हा मावशी चक्क म्हणाली, "अहो, नको ना, घरी चला." मला तिचं भय वाटलं नाही. उलट वाटलं, तिची आई तरी येऊन बसत असेल का विहिरीवर तिला भेटायला? वेड्यासारखे विचार. मी आपली कान देऊन होते. रस्त्यावर दुसरी गाडी वाजते का, कोणी खाकरतं का. बाबा खाकरायचे तसं.

डिचोली मागे पडली, घरची वाट लागली. शेतं लागली. काजऱ्याचं झाड जवळ आलं तसा बाप्पाचा आवाज खाली गेला. काजरा विषारी, आमच्याकडे तो कोणी घराजवळ ठेवत नाही. त्याच्या बुंध्याशी एक दगड आहे, तो आमच्या वाडीच्या राखणदाराचा. देवचारच म्हणायचं त्याला, पण हा वाईट नव्हे. रात्री हातात पेटती चूड घेऊन गावाची शीव फिरतो, चुकलेल्याला वाटेला लावतो. चालून चालून त्याच्या व्हाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या व्हाणा करून देतात.

"आतां कोणी उलोवं नाकात," बाप्पाने सगळ्यांना गप्प केलं.

आणि गाडी थांबली. बाप्पाने कासरा ओढला नव्हता, मी बघत होते. तांबडा बैल आपणहून उभा राहिला, आणि तो उभा म्हणून त्याचा जोडीदार उभा. मुली किंचाळल्या. बाप्पा "हैक, हैक" करतोय, शेपटी पिळतोय, बैल ढिम्म.

"पळयलें? धरली!"

मग तो उतरला, कागदात बांधलेला एक उंडा काढून अख्खा दगडावर ठेवला. उंडा म्हणजे आमच्याकडचा पोदेर भाजतो तो गोल, कडक पाव. शेजारी विडी ठेवली. हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, चुकलां-माकलां पोटांत घाल, दादा देतालो तें हांव दितां, वाट सोड." बैल तसाच. बाप्पा कुजबुजत आम्हाला सांगू लागला, की दादा रोज इथे उंडा ठेवायचा म्हणून मी ठेवतो, विडी ठेवतो, गेल्या वर्षी गावकऱ्यांना विचारून व्हाणासुद्धा दिल्या, तरी ह्याचा राग जात नाही. शेवटी सगळ्यांनी उतरून चाक ढकलावं लागतं.

मी मात्र बैलाकडे बघत होते. त्याने मान दगडाकडे वळवली नव्हती. ती वळलेली होती दुसऱ्या बाजूला, गाडीवान जिथे उतरून उभा राहील तिथे. नाकपुडी हलत होती. जीभ बाहेर आली, नाक चाटून आत गेली.

आणि मला आठवलं.

हा तांबडा नवाच घरी आला होता तेव्हा, मी शाळेत जाणारी मुलगी. कशाला तरी बाजारात गेले होते आणि बाबांबरोबर गाडीतून परत येत होते. तांबडा काजऱ्यापाशी बुजायचा, पाय रोवायचा. बाबांनी त्याला मारलं नाही. खाली उतरले, पिशवीतला उंडा काढला, मोडला. अर्धा विडीबरोबर दगडावर ठेवला. अर्धा तांबड्याच्या तोंडाशी धरला. तो खाईपर्यंत त्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. मी वरून म्हटलं, "बाबा, म्हाका?" कारण भट्टीतल्या गरम उंड्यांचा वास पिशवीतून सारखा येत होता.

"तुका घरा गेल्यार," बाबा म्हणाले. मग बैलाला म्हणाले, "चल पुता, आतां घर."

घरी आई उंडे मोजायची नाही, पण एक कमी असला की तिला कळायचंच. बाबा म्हणायचे, राखणदाराक दिलो. अर्धा बैलाला घातला हे ते कधी सांगायचे नाहीत. आम्ही भावंडं उंड्यावर टपलेली असायचो, कोण ऐकून घेणार? राखणदाराचं नाव घेतलं की सगळे गप्प. आईलाही तेवढंच ठाऊक, आणि बाप्पाला तर आईने सांगितलं तेवढंच. म्हणून देवचाराला बिचाऱ्याला सगळं मिळत होतं. उंडा अख्खा, विडी, व्हाणा. बैलाचं तेवढं राहून गेलं होतं.

मी उतरले आणि दगडापाशी गेले.

"बाय, हात लायनाका!" बाप्पा ओरडला. "दिल्लें काडून घेतात? घराब्याक, घरच्यांक लागतलें! तुझें भुरगें ल्हान आसा गे!"

पोराचं नाव काढल्यावर मी हात मागे घेतला, खोटं कशाला सांगू. देवाला दिलेलं परत घ्यायचं नसतं, हे मलाही कळत होतं. पण मग वाटलं, ह्या दगडाने बाबांकडून कधी अख्खा घेतलाच नाही. त्याच्या वाट्याचं त्याच्यापाशीच ठेवते. मनात म्हटलं, राखणदारा, तुला सगळं ठाऊक आहे. उंडा मोडला. अर्धा परत ठेवला, अर्धा घेऊन तांबड्यासमोर उभी राहिले.

त्याने आधी हुंगला. मग घेतला. तो ओला, खरखरीत ओठ माझ्या तळव्यावर फिरला. मी मानेवर हात ठेवला, जू घासून घासून जिथे कातडं जाड झालं होतं तिथे. तो चावत होता तेवढा वेळ माझे बाबा तिथे होते. मी काही बघितलं नाही, ऐकलं नाही. पण तांबडा दर फेरीला कोणाची वाट बघत उभा राहायचा ते मला कळलं होतं, आणि माझ्यासारखं आणखी कोणीतरी ह्या जगात होतं. त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं, बाबा गेले म्हणून.

सांगणार तरी कसं?

खाऊन झालं. तरी त्याने एकदा माझ्या मागे बघितलं. मी म्हटलं, "चल पुता, आतां घर."

आणि बैल चालायला लागला! गाडीवान खाली, मी खाली, आणि गाडी मुंबईच्या माणसांना घेऊन निघाली. मावशी "अहो, अहो, धरा कुणीतरी!" करून ओरडतेय, बाप्पा धोतर सावरत मागून धावतोय. साडूभाऊंनी मग जन्मभर सांगितलं असेल, की देवचाराने आमची गाडी घरी नेऊन सोडली.

पुढे बाप्पाने उडी मारून जागा घेतली, मला वर ओढलं. कासरा हातात घेतला. मग म्हणाला, "तुका कोणें सांगलें?"

"कोणी नाही. बाबा करताना बघितलंय मी."

"म्हणजे मी त्या व्हाणा दिल्या..."

"त्या लागतील त्याला, बाप्पा. चालतोच तो रात्रभर."

हसला नाही. शर्टाच्या बाहीने डोळे पुसले त्याने. भाऊ गेला तेव्हा तोसुद्धा खाणीवरच होता, निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हे मला ठाऊक होतं, पण त्याच्याही बाजूने कधी विचार केला नव्हता.

घरी आल्यावर सगळे आत गेले. मी गोठ्यात गेले. तांबड्याच्या मानेला कपाळ लावलं आणि मग मी रडले. तिथे बाबांचा वास होता, घाम, विडी, पेंढा. आई पोराला घेऊन दारात येऊन उभी राहिली. या खेपेला मला रडू नकोस म्हणाली नाही.

सकाळी बाप्पा हळूच म्हणाला, "बाय, मुंबईच्यांना सांगू नको हं. फेरीची मजा जाईल." नाही सांगितलं. त्यानंतर बाप्पा अर्धा उंडा बैलाला द्यायचा आणि बैल मुकाट चालायचा. काजऱ्याखाली दाखवण्यासारखं काही उरलंच नाही. दोनेक उन्हाळ्यांत फेरी बंद पडली. तांबड्याला मात्र बाप्पाने विकला नाही, तो आमच्याच गोठ्यात म्हातारा होऊन गेला. तेव्हाही मी चोपड्यालाच होते.

आता मुळगावला जायचं झालं तर दिवसाउजेडी जाते. डिचोलीला उतरून उंडे घेते, मग रिक्षा करते आणि काजऱ्यापाशी थांबवायला सांगते. रस्ता रुंद झालाय पण त्या झाडाला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. अर्धा उंडा दगडावर ठेवते. रिक्षावाला हॉर्न वाजवतो. उरलेला अर्धा हातात राहतो, आता तो कोणाच्या तोंडाशी धरायचा? पहिल्या खेपेला मी तो कितीतरी वेळ तसाच धरून उभी होते.

हल्ली रिक्षात बसून मीच खाते. दात राहिले नाहीत, कडक लागतो, चघळत बसावं लागतं. तो संपेपर्यंत घर येतं.