थंडोबाचे आठ दिवस

त्यांना सगळे थंडोबा म्हणतात. एक तर ते गाड्यांचे एसी दुरुस्त करतात, आणि दुसरं म्हणजे कुठलंही काम सावकाश करतात. नाव त्यांच्या आक्काने ठेवलं.

आक्का ट्रक चालवायची. निळा, लांब नाकाचा, माझ्या जन्माआधीचा. त्या काळात त्यात एसी होता. लोक मुद्दाम बघायला यायचे. बावीस वर्षांपूर्वी गॅस गळायला लागला. थंडोबांनी कॉम्प्रेसर उतरवला आणि म्हणाले, "आठ दिवसांत बसवतो." गॅरेज आवरताना तो जुन्या मालाबरोबर भंगारात गेला. चूक त्यांचीच.

तेव्हापासून आक्का त्यांची खुशाली विचारत नाही. "काय रे, झाले का आठ दिवस?" एवढंच विचारते.

आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांची फेरी आहे आणि तिथे स्वतःचा ट्रक स्वतः चालवायचं तिने दोन वर्षांपूर्वीच ठरवलंय. फेरीचा नियम असा, की गाडीतली प्रत्येक वस्तू गाडीच्या काळातली हवी. डॉक्टरांनी सांगितलंय, उकाड्यात गाडी चालवायची नाही. म्हणजे एसी हवा, आणि तोही जुनाच.

मी साहित्यात एम.ए. करून रिकामा बसलो होतो, तेव्हा थंडोबांनी मला हाताखाली घेतलं आणि जुना कॉम्प्रेसर हवा, अशी जाहिरात लिहायला लावली. मी पानभर लिहिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि कॉम्प्रेसरचा नंबर तेवढा ठेवून बाकी खोडलं.

"छान लिहिलंयस. पण वाचणाऱ्याचे हात ऑइलने भरलेले असतात."

एसीचा पंखा आणि बटणंही एव्हाना निकामी झाली होती. दोन वर्षांत पंखा एका मोडीत निघालेल्या रुग्णवाहिकेतून मिळाला. बटणं एका शाळेच्या बसमधून. कॉम्प्रेसर काही मिळेना.

"मिळणार कुठून?" ते एकदा म्हणाले. "इथल्या सगळ्या गाड्यांचे जुने काढून नवे मीच बसवले."

गेल्या महिन्यात भंगारबाजारातून रिकाम्या हाताने परतत होतो. माझी स्कूटर पंक्चर झाली. रस्त्याकडेला एका काकूंचं टायरचं दुकान होतं. त्यांनी ट्यूब जोडली, हवा भरायला मोटर चालू केली. थंडोबा स्टुलावरून उठले. मान तिरकी करून ऐकत राहिले.

"काकू, मोटर बंद करू नका."

मला नुसती धडधड ऐकू येत होती. ते टायरांच्या ढिगामागे गेले आणि गुडघ्यांवर बसले. हवा भरणारा तो पंप म्हणजे जुन्या एसीचा कॉम्प्रेसर होता. मोटर थांबल्यावर त्यांनी अंगठ्याने काजळी पुसली. खाली ठोकलेले तीन ठिपके दिसले. हाताखालून गेलेल्या प्रत्येक भागावर ते तसे ठोकतात.

"माझाच आहे. कुठल्या गाडीचा, ते देव जाणे."

"तुमचा असेल," काकू म्हणाल्या. "भंगारातून आणून बसवला माझ्या नवऱ्याने, बावीस वर्षं झाली. नवरा आजारी पडला, हा एक दिवस बंद पडला नाही. मी नाही द्यायची."

थंडोबांनी घासाघीस केली नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधला आपला हवेचा नवा पंप टाकीसकट उचलून आणला आणि जोडून दिला. काकूंनी तो खालीवर न्याहाळला.

"आठ दिवस चालवून बघते. मग बोलू."

थंडोबांकडे बघायची माझी हिंमत होईना. बघितलं, तर ते हसत होते.

"बघा. आठ दिवस म्हणजे किती, ते मला चांगलं ठाऊक आहे."

नवव्या दिवशी काकूंनी स्वतःच जुना पंप खोलून, पुसून, पोत्यात बांधून ठेवला होता. थंडोबांनी तो धुतला, वाळवला, सील बदलले. गॅस मात्र आजचा भरला. तो कुणाला दिसत नाही, म्हणाले.

काल आक्का आली. काठी माझ्या हातात दिली आणि ट्रकमध्ये चढून बसली. थंडोबांनी खालूनच बटण दाखवलं. आधी खट्ट आवाज आला, मग धडधड. तिने जाळीसमोर तळहात धरला. बराच वेळ धरला.

"टायरचा वास येतोय रे."

"जाईल. बावीस वर्षं टायरच भरलेत त्याने."

तिने सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. थंडोबा दार धरून उभेच. आज ती काय विचारणार, याची वाट बघत असावेत.

"दार लाव," आक्का म्हणाली. "गारवा बाहेर चाललाय."