घर मी आज पहिल्यांदाच पाहिलं

मंडळी, आज जे झालं ते लगेच सांगते, कारण उद्या घरमालकाला उत्तर द्यायचंय.

मुंबईचं भाडं आता झेपत नाही, म्हणून मी आणि माझा नवरा इम्रान कराडजवळच्या गावात घर शोधतोय. त्याला सुट्टी नव्हती, त्यामुळे दुपारी मी एकटीच घर बघायला गेले. किल्ली शेजारच्या मावशींकडे होती.

मला बघून त्या हसल्या. "आवं, काय इसरलं व्हय? सकाळीच बघून गेलासा की!"

"मावशी, मी आत्ताच एसटीतून उतरलेय."

"न्हाई, तुमीच व्हतासा. शिलाई मशीन फुडच्या खोलीतल्या खिडकीखाली ठेवनार म्हनलासा."

मी शिवणकाम करते, हे गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. मावशींसोबत आत गेले, तर खरंच चांगला उजेड त्या एकाच खिडकीतून येत होता.

"अजून काय म्हणाले मी?"

"म्हनलासा, आता परत जायाचं न्हाई."

इम्रानला फोनवर सगळं सांगितलं. तो हसला नाही. "घर आवडलं का?" एवढंच विचारलं.

लय आवडलं. भीती त्या आवडण्याचीच वाटतेय.

तुम्ही माझ्या जागी असतात, तर हो म्हणाला असतात का?