हजेरी कुणी द्यायची

"फुंक बे."

ठाण्याच्या अंगणात तीन विटांची चूल मांडलेली. वर चहाचं पातेलं. माझा बाप चुलीपुढं गुडघ्या-कोपरांवर ओणवा. त्याच्या पाठीवर एका हवालदाराचा बूट. बूट दाबला की बानं फुंकायचं. बूट उचलला की श्वास घ्यायचा.

"घिसाड्याचा भाता हाय ह्यो," फौजदार खुर्चीतून म्हणाला. "बगा कसा झकास चालतोय."

अंगणातले सगळे हसले. बांधाच्या भांडणाची तक्रार द्यायला आलेले दोन शेतकरी कोपऱ्यात बसले होते, तेही हसले. मी भाकरीचं गठुडं घेऊन फाटकात उभी होते आणि आय माझ्या मागं. बानं आम्हाला बघितलं आणि डोळे मिटून घेतले. राख उडून त्याच्या भुवयांवर बसली होती. चहा उकळला, गाळला, आणि त्यांनी तो आमच्यादेखत प्यायला.

ज्या माणसानं जन्मभर विस्तवावर पोट भरलं, त्याला विस्तवापुढंच जनावर केलं. त्या दिवशी मला राग आला नाही. खरं तेच सांगते, भीती वाटली. राग नंतर आला. आला तो अजून गेलेला नाही.

गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर वाचणाऱ्याला वाटेल, तेवढं एकच गाव वाईट होतं. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

आम्ही घिसाडी. बैलगाडीत संसार, गाडीखाली कुत्रं, शिवेवर कापडाचं पाल. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, पहारी घडवायच्या आणि बाजारात विकायच्या. बा सांडशीनं तापलेलं लोखंड ऐरणीवर धरायचा आणि घण मी मारायची. आमच्यात घण बाईच मारते. माझ्या दंडाकडं बघून बाजारातली माणसं खिदळायची, आणि खिदळून झालं की माझ्याच घणाखालचा विळा घासाघीस करून घेऊन जायची.

आमचा एक रिवाज होता. नव्या गावाच्या शिवेवर गाडी सोडली की चूल पेटवायच्या आधी घरातल्या कर्त्यानं धुतलेलं धोतर नेसायचं आणि हजेरी द्यायला जायचं. आधी पोलीस पाटलाकडं, मग ठाण्यात. माणसं किती, बैल किती, कुठून आलो, किती दिवस राहणार. निजामाच्या राज्यात माझा आजा द्यायचा, मग बा द्यायला लागला. हे करा असं कुणी त्याला सांगितलेलं नव्हतं आणि करू नका असंही कुणी सांगितलं नव्हतं. बाला त्याचा अभिमान होता. म्हणायचा, "लपतो त्यो चोर. आपून सोताहून नाव सांगतो."

आमच्या सात पिढ्यांची चूक ती हीच. आपल्या पायानं जायचं आणि फौजदाराला सांगून यायचं की गावात काही झालं तर कुणाला उचलायचं.

त्या वर्षी पेठेत आप्पांचं दुकान फुटलं. आप्पा पूर्वी पेंड आणि दोरखंड विकायचे. मग दिवस बदलले. गावात एसटीडीच्या पिवळ्या टपऱ्या झाल्या, आप्पांच्या दुकानात रंगीत टीव्ही आले, आणि त्याच दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत कंपनीचे विळे लटकायला लागले. आमचा धंदा निम्म्यावर आला. लोक म्हणत होते, देश खुला झालाय, परदेशी कंपन्यांना सरकार या बसा म्हणतंय. कंपन्यांकडं हजेरी कुणी मागत नव्हतं.

चोरट्यांनी शटर उचकटलं ते पहारीनं. पहार मागच्या गटारात सापडली. तिच्यावर आमची खूण होती, एक रेघ आणि खाली तीन ठिपके. बाजाराच्या दिवशी, सोमवारी, फौजदार आमच्या दुकानापुढं येऊन उभा राहिला.

"ही कुणी घडवली?"

बानं पहार हातात घेतली. फिरवून टोक बघितलं. "म्याच घडवली, सायेब. पर इकून टाकली. निम्म्या तालुक्यात माजी पहार हाय."

नाही म्हणाला असता तर? नाही म्हणणं त्याला जमलंच नसतं. आपल्या हातचं लोखंड नाकारणं म्हणजे पोटचं पोर नाकारणं. फौजदारानं त्याच्या मानेला धरलं आणि जीपमध्ये कोंबलं. पहार विकत घेणारे अर्धा तालुका होते, पण घरादाराचे होते. त्यांच्यातल्या एकाच्याही मानेला हात लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तो चुलीचा खेळ झाला. चहा पिऊन झाल्यावर फौजदारानं आम्हाला आत बोलावलं.

"कुठले बे तुमी?"

"हितलेच, सायेब," आय म्हणाली. "माजं बाळंतपण हितल्याच शिवारात झालं."

"रेशनकार्ड?"

"न्हाई."

"घर?"

"न्हाई."

"मग हितले कावून? रातच्याला तुजा नवरा कसल्या बोलीत वरडत व्हता? मला तर एक अक्षर समजलं न्हाई. पाकिस्तानातून आलाव का बांगलादेशातून?"

बा आमच्या घरच्या बोलीत ओरडला होता. मार बसताना माणूस आईच्या भाषेत ओरडतो. एवढं कळायला फौजदार व्हावं लागत नाही, माणूस असावं लागतं. मी मात्र हात जोडून सांगत बसले. साहेब, आम्ही इथलेच. साहेब, मी चौथीपर्यंत इथल्याच शाळेत शिकले. साहेब, कविता म्हणून दाखवू का? होय, असं म्हणाले मी. घण मारणारे हे हात जोडून, त्या माणसापुढं, कविता म्हणून दाखवू का. त्यानं हवालदाराकडं बघून डोळा मारला.

ठाण्याला लागूनच कोर्ट होतं. दोन दिवस आम्ही दोघी मधल्या लिंबाखाली बसून होतो. कुणी काही सांगेना. कोर्टाच्या भिंतीवर एक पत्र्याची पाटी होती. चौथीतलं वाचन अक्षराला अक्षर लावून चालतं. गरिबांना मोफत वकील मिळेल. मी दोनदा वाचलं आणि उठले. आय पदर ओढत होती. "पाण्यात राहून माशाशी वैर नगं गं बाई," म्हणत होती. मी पदर सोडवला. कोण कुणाच्या पाण्यात राहतंय ते एकदा बघायचंच होतं.

पाटीजवळच्या खोलीत वकीलबाई डबा खात होत्या. चष्म्यावरून बघितलं. गोड बोलणाऱ्या बाई नव्हत्या त्या.

"रडणं मागून. कधी नेलं?"

"सोमवारी. बाजारातून."

"आज गुरुवार. कोर्टापुढं उभं केलं?"

"न्हाई."

डब्याचं झाकण लागलं. "चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढं न्यावं लागतं. का पकडलं ते सांगावं लागतं. वकील भेटू द्यावा लागतो. आणि मारता तर येतच नाही."

मी लगेच सुरू झाले. "ताई, आमी हितलेच हाव. परदेशातले न्हाई. आमच्या आज्यापासून..."

"आणि असतीस तर?"

मी जोडलेले हात खाली घेतले.

"समज, तू खरंच परदेशातली आहेस. कागद नाहीत, पत्ता नाही, भाषा येत नाही. तरी मारता येत नाही. तरी चोवीस तास. कायद्यात माणूस लिहिलंय. गाववाला नाही लिहिलेलं."

माझ्या डोक्यात घण बसला तो तिथं. दोन दिवस मी एकच गोष्ट पटवून देत होते, की आम्ही इथले आहोत, म्हणून मारू नका. म्हणजे जो इथला नाही त्याला मारलं तर चालेल, असं मीच कबूल करत होते. फौजदाराचाच कायदा मी त्याच्यापुढं पाठ म्हणत होते. तेव्हा राग आला. आधी स्वतःचा आणि मग त्याचा.

मी हजेरीचं विचारलं. बाई म्हणाल्या, असा कुठलाही कायदा आज नाही. कुणाला देता आणि कशाला देता?

बाईंनी अर्ज लिहिला आणि न्यायाधीशांपुढं ठेवला. मग ठाण्यात पळापळ झाली. दुपारी बाला कोर्टात आणलं. कागदावर अटक त्याच दिवशी सकाळची. सोमवार, मंगळवार, बुधवार माझा बाप कागदावर कुठंच नव्हता. चुलीपुढं जो ओणवा होता तो कोण होता मग?

व्हरांड्यात फौजदार बाच्या कानाशी लागला. मुद्दाम मला ऐकू येईल असं. "सायेब इचारतील, तक्रार हाय का. न्हाई म्हणायचं. तुजी पोरगी लई चुणचुणीत हाय. तिला बी आत घिऊ का?"

आत गेलो. न्यायाधीश तरुण होते. कागदातून मान वर न काढता त्यांनी रोजचा प्रश्न विचारला. "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?"

"न्हाई, सायेब," बा म्हणाला.

त्याचा आवाज खाली गेला होता. तो माझ्यासाठी खोटं बोलत होता. मला ते कळत होतं, म्हणूनच ते सहन होईना. माझ्या नावानं त्याला मुकं केलं होतं.

"हाय," मी मागून म्हणाले.

न्यायाधीशांनी मान वर केली. "तू कोण?"

"त्याची लेक. तक्रार हाय. त्याचे हात बगा."

फौजदार पुढं सरकला. "सर, लोहारकाम करतो. विस्तवाचे डाग हायेत, घट्टे हायेत. धंदाच तसला हाय."

"मग पाय बी बगा," मी म्हणाले. "तळपाय. का माजा बाप पायानं सांडशी धरतो?"

कुणी हसलं नाही. वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी बाला पाय दाखवायला सांगितलं. तो दाखवेना. अंग चोरून उभा राहिला, धोतर धरून. मी जवळ गेले आणि आमच्या बोलीत म्हणाले, बा, लाज तुझी नाही. दाखव. भर कोर्टात मी आमची बोली बोलले, मोठ्यानं. ज्याला पाकिस्तान ऐकू येत होतं त्याला येऊ दे.

बा खाली बसला. त्यानं पाय पुढं केले. तळवे काळेनिळे होते, सुजून फुटले होते. हात उघडले तर उजव्या हाताची दोन बोटं मिटेनात. न्यायाधीश उठून टेबलापुढं आले. बघितलं. परत जाऊन बराच वेळ लिहीत होते.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरांनी जे होतं ते लिहिलं. चोरीचा काही पुरावा नव्हता, बा सुटला. चोर पुढं सापडले, आप्पांच्याच गोदामातले हमाल निघाले. आप्पांनी आमच्या पालाकडं माणूस पाठवला, झालं गेलं विसरा म्हणून. मी त्याला बसही म्हटलं नाही.

सगळं नीट झालं असं कुणी समजू नये. ती दोन बोटं कधीच मिटली नाहीत. बाच्या हातून सांडशी निसटायला लागली. तापलेलं लोखंड एकदा आयच्या पायाजवळ पडलं आणि त्या दिवसापासून तो ऐरणीपुढं बसला नाही. आता सांडशी मी धरते आणि घण धाकट्या भावाची बायको मारते. आमच्या पंचांनी आम्हालाच दंड लावायचा घाट घातला. तुझ्या पोरीनं पोलिसाशी वाकडं घेतलं, आता सगळ्या पालांना त्रास, म्हणाले. मी म्हणाले, त्रास काय आजचा आहे?

पुढच्या मुक्कामाला गाडी सोडली. बानं धुतलेलं धोतर काढलं. सवयीनं. मी त्याच्या पुढं उभी राहिले.

"कुठं?"

"हजेरी दिऊन येतो."

"न्हाई द्यायची."

तो कावराबावरा झाला. धोतर हातात तसंच. मी चूल पेटवली. आमच्या सात पिढ्यांत हजेरीआधी पेटलेली ती पहिली चूल. बा त्या विस्तवाकडं बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी तिथला एक पोलीस सायकलवरून आला. "हजेरी कावून न्हाई दिली?"

"कोनत्या कायद्यानं द्यायची ते लिहून द्या," मी म्हणाले. "आन कुऱ्हाडीला धार लावायची आसंल तर बसा."

तो गेला. परत येईल हे मला माहीत होतं. आलाही. मी तेच बोलले.

वकीलबाईंनी फौजदारावर खटला टाकला. त्याचा वकील म्हणतो, सरकारी नोकर आहे, सरकारची परवानगी आणा. वर्षं चालली आहेत. फौजदाराची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली आणि पुढं बढतीही मिळाली. तोसुद्धा परजिल्ह्यातून आलेला माणूस. गावात आला तेव्हा चूल पेटवायच्या आधी तो कुणाला सांगायला गेला होता, माणसं किती आणि कुठून आलो?

तारखेला मी जाते. पाल कुठंही असो, एसटीनं जाते. कधी तो येतो, कधी त्याच्या वकिलाचा अर्ज येतो. आला की शिपाई दारात उभा राहून त्याचं नाव पुकारतो. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. पिंजऱ्यात उभं राहून त्याला म्हणावं लागतं, "हजर."

बाईंनी मला स्वच्छ सांगितलंय, तो सुटूही शकतो. सुटू दे. मी वरच्या कोर्टात जाईन. तिथं त्याचं नाव पुन्हा पुकारतील, आणि मी समोरच्या बाकावर बसलेली असेन. आमच्या सात पिढ्यांनी हजेरी दिली. आता त्यानं द्यायची, आणि ती घ्यायला मी एकही तारीख चुकवणार नाही.