तीस, सदतीस आणि कोटाचा खिसा

आमच्या लॅबमध्ये संशोधन कमी आणि किस्से जास्त निघतात. संशोधनाला निदान ग्रँट लागते, किस्से फुकट उगवतात! मी साताऱ्याहून इंदूरला नोकरीला आले तेव्हा वाटलं होतं, जुलाबाच्या जंतूंवर काम करणारी माणसं गंभीर असतील. पहिल्याच दिवशी गैरसमज दूर झाला.

*

त्या दिवशी आमच्या बॉस, कानिटकर मॅडमनी विषय समजावला. "हे बघ, आमांशाचा जंतू बाहेर तीस डिग्रीत असला की एकदम सभ्य. रोग करणारी जीन्स बंद. माणसाच्या पोटात शिरला, सदतीस डिग्री लागली, की त्याला कळतं, आलं आपलं गाव! जीन्स चालू, धुमाकूळ सुरू."

"म्हणजे त्याच्याकडे थर्मामीटर असतो?"

"असतो. आणि आपल्या लॅबमधल्यासारखा बिघडत नाही!"

संध्याकाळी याच मॅडम मला विजय नगरला पाणीपुरी खायला घेऊन गेल्या. मी घाबरत म्हटलं, "मॅडम, तुम्ही हे खाता?"

"अगं, आम्ही एकमेकांना ओळखतो!" असं म्हणून त्यांनी तिखट वाढवायला सांगितलं.

*

एकदा अकाउंट्सचे व्यासजी स्टीलचा डबा घेऊन आमच्या जंतू वाढवायच्या मशीनपाशी हजर. "मॅडमजी, सुना है आपकी मशीन में सैंतीस डिग्री रहता है. दही जमा लूं?"

"जरूर!" मॅडम आमांशाचा हिंदी शब्द आठवत म्हणाल्या. "पेचिश के ऊपरवाले खाने में रखूं, के नीचेवाले में?"

व्यासजी आता आमच्याकडे चहासुद्धा घेत नाहीत.

*

या सगळ्यात जीव टांगणीला लागलेला होता अमोलचा. अमोल महूचा, आजोबा पलटणीत होते, त्यामुळे वेळेचा पक्का. त्याने जंतूचं ते गरमीचं बटण काढून एका निरुपद्रवी जंतूत बसवलं होतं आणि त्याला हिरवा उजेड जोडला होता. तीसवर नळीत अंधार, सदतीसवर हिरवागार. एवढं कमिटीला दाखवलं की पीएचडी!

आणि पीएचडी झाली की लग्न. होणारे सासरे इंदूरच्या बडा गणपती भागातले. त्यांनी इंदुरी थाटात साफ सांगितलं होतं, "पहले पीएचडीचं निपटवा भिया, मग बँडवाल्याला बोलतो." सूट शिवून कपाटात लटकत होता.

कमिटीपुढची पहिली खेप मे महिन्यात निघाली. एसी बंद पडला, लॅबची भट्टी झाली, आणि आतली तीस डिग्रीची मशीन थंड होईना. सगळ्या नळ्या हिरव्या! कमिटी म्हणाली, "तीसवर अंधार दाखवा, मग बोलू."

तेव्हापासून होणारी बायको प्रीती रोज फोनवर विचारायची, "आज तरी अंधार पडला का?"

*

दुसऱ्या खेपेला अंधार पडला. अमोलने ती नळी फ्रिजमध्ये जपून ठेवली. नेमकी कमिटी यायच्या सकाळीच आमच्या इमारतीची स्वच्छता तपासणी! आमचं शहर स्वच्छतेच्या बाबतीत किती कडक आहे, हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही.

अमोल आला तर फ्रिज लखलखीत, रिकामा. साफसफाई बघणारे तिवारीजी खूश होते. "पूरा चमका दिया! बस एक बात बताओ भिया, ये जंतु गीले कचरे में जाएंगे के सूखे में?"

त्या दिवसापासून अमोलने फ्रिजवर विश्वास ठेवणं सोडलं.

*

तिसरी खेप म्हणजे शेवटची, त्यानंतर फेलोशिप संपणार होती. अमोल लग्नाचा सूट घालून आला. सकाळीच मशीनमधून तीसची नळी काढून त्याने निळ्या लाइटखाली तपासली. अंधार! मग कुणाचा हात लागू नये म्हणून ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, वरून बटणं लावली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांना कुणीतरी पोहे-जलेबी खायला नेलं होतं. इंदुरात एका प्लेटवर सुटका होत नाही, त्यामुळे ते आले दुपारी. तोवर अमोल त्या सुटात घामाने निथळत उभा.

शेवटी दिवे बंद केले, निळा लाइट लावला. सदतीसची नळी हिरवीगार. अमोलने अभिमानाने खिशात हात घातला आणि दुसरी काढली. तीही हिरवीगार!

अमोल पुटपुटला, "सर, सकाळी अंधार होता... देवाशप्पथ."

परीक्षकांनी विचारलं, "ही नळी सकाळपासून होती कुठे?"

अमोलने छातीवर हात ठेवला.

मॅडम धावत मशीनकडे गेल्या आणि जिच्यातून ती नळी भरली होती, ती तीसवरच राहिलेली बाटली घेऊन आल्या. निळ्या लाइटखाली ती काळीकुट्ट! परीक्षक तीनही नमुन्यांकडे बघून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. सही करताना म्हणाले, "आम्ही दोन मागितले होते, तुम्ही अंगाच्या गरमीवरचा एक जास्तच आणलात!"

महिन्याभरात लग्न लागलं, तोच सूट. मॅडम स्टेजवर चढल्या, आहेराचं पाकीट प्रीतीच्या हातात दिलं, आणि फोटोआधी नवरदेवाचा आतला खिसा चाचपून बघितला.

"रिकामा आहे," त्या प्रीतीला म्हणाल्या. "आता खुशाल मिठी मार!"