अक्कांचीही हिस्ट्री

“रगत सूनबाईनं घ्या. दीपकले काही व्हयेल नही,” अक्का बसल्या बसल्याच म्हणाल्या.

देवपूरच्या माझ्या ओपीडीत चौघं आले होते. दीपक, त्याची बायको मनीषा, आई अक्का आणि वडील नाना. शिंदखेड्याकडची कापूस पिकवणारी माणसं. मनीषाचा तिसरा गर्भपात नुकताच झाला होता. सोनोग्राफी, थायरॉइड, शुगर, सगळं नॉर्मल. राहिली होती कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी.

“रक्त दोघांचं लागेल,” मी म्हणाले. “बाळ दोघांचं असतं.”

दीपकने मुकाट्याने बाही वर केली. अक्कांनी तोंड फिरवलं.

रिपोर्ट आले तेव्हा मनीषाचा नॉर्मल होता. दीपकच्या रिपोर्टवर लिहिलं होतं, ट्रान्सलोकेशन.

मी चौघांना समोर बसवून सांगितलं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. शरीर कसं घडवायचं, ती माहिती त्यांच्यात असते. दीपकच्या दोन गुणसूत्रांनी आपापला एक तुकडा एकमेकांना दिला आहे. माहिती सगळी शाबूत, फक्त जागा बदललेली. म्हणून तो ठणठणीत. पण बाळाला वडिलांकडून प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र मिळतं. त्या वाटणीत एखादा तुकडा जास्त गेला किंवा कमी पडला, तर गर्भ बहुतेकदा टिकत नाही.

मनीषा खाली बघत होती. दीपकचा चेहरा उतरला.

“हाई कोठून उनं?” नानांनी विचारलं.

“बऱ्याचदा आईकडून नाही तर वडिलांकडून येतं.”

नाना उठले, हात पुढे केला. “मंग मनं बी घ्या.”

नानांच्या रिपोर्टमध्ये तीच अदलाबदल निघाली. तेव्हा मी अक्कांकडे वळले. “अक्का, दीपकच्या आधी तुम्हाला कधी दिवस गेले होते?”

त्यांनी आधी मनीषाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “दोन दाव. टिकनं नही. सासू म्हने, मनी कूसच वाईट.”

नाना जमिनीकडे बघत पुटपुटले, “म्हंजे मनामुळे व्हयनं ते.”

“कुणामुळेच नाही, नाना. गुणसूत्रं कुणी निवडून घेत नाही.”

अक्कांनी मनीषाचा हात हातात घेतला. “पोरी, तुनं काही चुकनं नही.” मग म्हणाल्या, “मनं बी नही.” आणि पदराने डोळे पुसू लागल्या. मनीषा त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली.

टेस्ट ट्यूब बेबीचा पर्याय मी सांगितला होता. त्यात गर्भ आधी तपासून घेता येतो. पण दीपक-मनीषाने नैसर्गिकरीत्याच प्रयत्न करायचं ठरवलं. पुढच्या खेपेला तिसरा महिना सुखरूप गेला. प्रत्येक व्हिजिटला अक्का बरोबर. मनीषाची पर्ससुद्धा त्याच धरायच्या.

गर्भजलाची तपासणी केली. बाळात नानांसारखीच अदलाबदल होती, पण तुकडा ना जास्त ना कमी. मी फोनवर ते सांगितलं. दीपकने फोन स्पीकरवर ठेवला असावा, कारण मागून नाना ओरडले, “मंग ते पक्कं आमना घरनं शे!”

मुलगी झाली. चांगली गुटगुटीत. तिला डिस्चार्ज दिला तेव्हा अक्कांनी ती कुणाच्याही हातात दिली नाही, नानांच्या तर नाहीच.

आता वारंवार गर्भपात झालेलं जोडपं आलं की मी दोघांचं रक्त मागते आणि बाहेर थांबलेल्या सासूलाही आत बोलावते. तिची हिस्ट्री बहुतेकदा कुणीच घेतलेली नसते.