उरलेल्या लाकडांचं वजन

आगीला शिस्त लावायला निघालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. आग फार उधळ्या स्वभावाची आहे, तिच्यावर कुणीतरी नजर ठेवायला हवी आणि त्या जागेवर आपलीच नेमणूक झाली आहे, अशा थाटात मामाजी गेली पन्नास वर्षं ढाणकीजवळच्या आपल्या खेड्यात वावरत आले आहेत. त्यांचा घरचा धंदा शिंदीच्या गुळाचा. थंडीच्या दिवसांत नाल्याकाठच्या शिंदीला चुना लावलेली मडकी बांधायची, उजाडायच्या आत नीरा उतरवायची आणि ती कढईत आटवून गूळ करायचा. नीरा म्हणजे बरंचसं पाणीच. ते आटवता आटवता लाकडांचा ढीग संपतो आणि कढईच्या तळाशी चार ढेपा उरतात. मामाजींना हे कधी सहनच झालं नाही. "एक झाड रस देते, अन् त्या रसापायी दुसरं झाड जयते. हे काय काम झालं?" असं ते मला माझ्या लग्नाच्या मांडवात म्हणाले होते. मी नुकता जावई झालेला, मुंडावळ्या अजून कपाळावर. मी मान डोलावली. त्या माणसाच्या भट्टीचं नाव पुढे माझ्याच सहीनं खराब झालं. ते नाव धुऊन काढल्याशिवाय मरायचं नाही, असं ठरवून मी हे लिहायला बसलो आहे.

पण आधी माणूस कसा आहे ते सांगितलं पाहिजे, नाहीतर मी काय बिघडवलं ते कळायचं नाही. मामाजींच्या खांद्यावर उपरणं नसलं तरी चालेल, वजनाचा स्प्रिंगचा काटा हवाच. गावात कुणाकडेही गेले की आधी चुलीजवळ जाणार, उकिडवे बसणार आणि आत डोकावणार. भांड्यावर झाकण नसेल तर स्वतः ठेवणार. काळा धूर निघत असेल तर बाहेर येऊन घरमालकाला हाक मारणार, "भाऊ, तुह्यं लाकूड आभायात चाल्लं, तुले दिसून नाही राह्यलं काय?" लग्नाच्या पंगतीत बाकीचे लोक जिलेबीकडे बघत असत, मामाजी आचाऱ्याच्या भट्टीमागे वाकलेले असत. एका लग्नात तर त्यांनी भाताखाली चाललेली आग अर्धी बाहेर ओढली. आचारी झारा घेऊन अंगावर धावला, वरपक्ष मध्ये पडला आणि भात मात्र वेळेवर शिजला. आचाऱ्यानं तो उपकार अजून मानलेला नाही.

स्मशानातही त्यांचं हेच. गावातले एक वयोवृद्ध गृहस्थ वारले, मंडळी चिता रचत होती, आणि मामाजी सगळ्यांना बाजूला सारत म्हणाले, "खालून हवा याले जागा ठेवा न बाप्पा, असं कोंबून कसं जयन?" मृताचा थोरला मुलगा रडायचं थांबला आणि संतापला. मामाजी शांतपणे म्हणाले, "मानूस गेला तो गेला. लाकडं कायले वाया जाऊ द्याची?" शेवटी त्यांनीच चिता रचली आणि आणलेल्यापैकी बरीच लाकडं बैलबंडीत परत आली. त्या दिवसापासून गावात कुणी वारलं की आधी मामाजींना निरोप जातो. लोक हसतात, पण निरोप जातो.

आणि वजन! मामाजी लाकूड तोलत, नीरा तोलत, गूळ तोलत, इतकंच काय, भट्टीतली राखसुद्धा तोलत. मी पहिल्यांदा सासरी गेलो तेव्हा त्यांनी माझी वळकटी काट्याला लावून पाहिली आणि "एवढं वझं चार दिवसांसाठी?" असं विचारलं. डोळ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. डोळा माणसाला पाहिजे ते दाखवतो, काट्याला कुणाचं लग्न नाही न मयत नाही, असं त्यांचं म्हणणं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण माझं पाप या विश्वासाच्या आडोशालाच लपून राहिलं.

तर या माणसानं एक भट्टी बांधली. साध्या भट्टीत लाकूड जमिनीवर जळतं, अर्धी आच तोंडातून बाहेर येते आणि उरलेली धुराबरोबर जाते. मामाजींनी खाली लोखंडी जाळी घातली, म्हणजे हवा खालून यावी. तोंड लहान केलं. धूर सरळ बाहेर न सोडता मातीच्या नळातून फिरवून मागच्या दुसऱ्या कढईखालून नेला, म्हणजे पुढच्या कढईत एक नीरा उकळते तोवर मागच्या कढईत दुसरी फुकटात तापते. मी तेव्हा यवतमाळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. गावोगावच्या गूळवाल्यांना चांगल्या भट्ट्या बांधून देणारी एक सरकारी योजना आली होती. मीच खटपट करून त्या योजनेच्या साहेबांना मामाजींची भट्टी बघायला आणलं. साधी भट्टी आणि मामाजींची भट्टी शेजारी शेजारी पेटल्या. दोन्हीकडे चाळीस लिटर नीरा, दोन्हीकडे चाळीस किलो लाकूड. मोजमाप माझ्याकडे, कारण मी विज्ञानाचा माणूस आणि त्यातून गावचा जावई. नळाची लांबी, तोंडाची रुंदी, जाळीची उंची, सगळं मी वहीत उतरवून घेतलं.

दोन्हीकडचा गूळ उतरला, आणि साहेबांसकट सगळी मंडळी मामींच्या हातचे वडे खायला घराकडे गेली. मी मागे थांबून उरलेलं लाकूड तोललं. साध्या भट्टीजवळ उरलं होतं नऊ किलो, मामाजींच्या भट्टीजवळ तेवीस. ते मी एका चिठ्ठीवर लिहिलं, "साधी ९, मामाजी २३," आणि वड्यांचा वास येत होता म्हणून उरलेलं की जळालेलं ते लिहायचं नंतरवर टाकलं. संध्याकाळी यवतमाळात साहेबांनी कागद पुढे ओढून विचारलं, "किती जळालं?" मी चिठ्ठी पाहिली आणि म्हणालो, "साध्या भट्टीत नऊ, त्यांच्या भट्टीत तेवीस." साहेबांनी लिहिलं, मी सही केली. मामाजींनी जितकं जास्त वाचवलं होतं, तितके ते उधळे ठरले.

निकाल सांगायला मीच गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून. मामाजी गोंधळले. "जवाईबापू, माह्याकडचा ढीग त मोठा उरला होता. म्या डोयानं पाह्यला."

"ढीग पोकळ असतो, मामाजी. काट्यानं सांगितलं."

काट्याचं नाव निघताच त्यांनी वाद सोडला. मान खाली घालून भट्टीकडे गेले आणि नळात हात घालून चाचपत बसले.

माझ्या ध्यानात आलं पंधरा दिवसांनी, प्रयोगशाळेत बीकर धुताना. नऊ किलो लाकडात एवढी नीरा आटणंच शक्य नाही, हे विज्ञानाच्या माणसाला त्याच क्षणी कळायला हवं होतं. घरी जाऊन चिठ्ठी काढली. आकडे उरलेल्या लाकडांचे होते. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊ शकलो असतो, कागद अजून त्यांच्याच टेबलावर होता. गेलो नाही. कॉलेजात माझ्या नीटनेटकेपणाचं कौतुक होत होतं, आणि सासरी मी असा जावई होतो की ज्याचं मोजमाप चुकत नाही. दुसरं कुठलंही कारण नाही. पुढे योजनेनं मामाजींची भट्टी वगळली, गावोगाव जुन्याच पद्धतीच्या भट्ट्या धडधडत राहिल्या आणि मामाजींच्या भट्टीला गावानं नाव दिलं, लाकूडखाई.

आता जे सांगतो ते आमच्याकडे अनेक वर्षं विनोद म्हणून सांगितलं जात होतं, आणि मीही हसत होतो. मामाजी दरवर्षी होळी झाली की भट्टी फोडत आणि दिवाळीच्या सुमाराला नवी बांधत. एका वर्षी नळ लांब, एका वर्षी आखूड. दर वेळी लाकूड तोलत, पण साध्या भट्टीचे ते नऊ किलो काही गाठता येईनात. एकदा त्यांनी तोंड इतकं लहान केलं की लाकडाऐवजी कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या एकेक करून घालाव्या लागल्या. एकदा धुराडं इतकं उंच नेलं की वाऱ्यानं ते शेजाऱ्याच्या गोठ्यावर पडलं, आणि म्हैस तीन दिवस दूध देईना. मामी म्हणत, "याइचं लगन माह्यासंगं नाही लागलं, मातीसंगं लागलं." मामाजी ऐकून घेत आणि चिखल मळत राहत.

गेल्या थंडीत मी सहज म्हणून गेलो होतो. मामाजी पंच्याऐंशीच्या पुढे गेलेले, गुडघे वाकत नाहीत, तरी भिंतीला धरून भट्टीचा नळ उकरत होते. मी मामींना विचारलं, "आता या वयात कशाला?"

"तुमाले नाही मालूम?" मामी म्हणाल्या. "तुमचा तो कागद आला न, तवापासून हे चालू हाये. म्हन्ते, कुठीतरी चूक हाये, माह्या डोयाले दिसून नाही राह्यली. ते चूक सापडल्याबिगर मराचं नाही म्हन्ते."

मी त्याच पावली यवतमाळला परतलो. जुन्या ट्रंकेतून वही काढली. चिठ्ठी आतच होती, पिवळी पडलेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं ढाणकी गाठली आणि मामाजींच्या समोर बसून एका दमात सांगितलं. चूक भट्टीत नव्हती. उरलेलं लाकूड मी जळालेलं म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांत मला कळलं होतं आणि मी तोंड उघडलं नाही.

मामी आधी पेटल्या. "जवाईबापू, दर धोंड्याच्या महिन्यात अनारसे खाल्ले तुमी माह्या घरचे! घशाखाली उतरले कसे?" मामाजी मात्र चिठ्ठीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "त्या पह्यल्या भट्टीचं माप हाये काय तुमच्या वहीत?"

"आहे. सगळं आहे."

"मंग बांधा."

"मी?"

"मंग काय म्या? माहे गुडघे पाहा. सही तुमी केलती, आता चिखल तुमीच कालवा."

सत्तरी ओलांडलेल्या मी आयुष्यात पहिल्यांदा चिखल तुडवला. मामाजी खाटेवरून हुकूम सोडत होते. "भुसा घाला अजून. ते काय बीकर हाये काय हलकं हलकं हलवाले?" गावातले लोक बघायला जमले. मी प्रत्येकाला तीच गोष्ट पुन्हा सांगितली, कुणाला एकदा, कुणाला दोनदा, मान वर करून. नीरेचा परवाना असलेला शेजारी दोन्ही भट्ट्यांना पुरेल एवढी नीरा द्यायला तयार झाला. आठ दिवसांत माती वाळली, आणि भल्या सकाळी साधी भट्टी आणि पहिली भट्टी पुन्हा शेजारी शेजारी पेटल्या. या वेळी काटा माझ्या हाती दिला गेला नाही. तो घरासमोरच्या चौकातल्या कडुलिंबाच्या फांदीला टांगला आणि आकडा सगळ्या गावानं मोठ्यानं वाचला.

तेव्हा ज्या कागदावर मी सही केली तो कुठल्या कपाटात आहे, ते मला ठाऊक नाही. योजना बंद झाली, साहेब राहिले नाहीत. मी त्या कचेरीत दोनदा जाऊन आलो, अर्ज देऊन आलो आणि पुन्हा जाणार आहे. तोवर दुरुस्ती इथे नोंदवतो. त्या पहिल्या दिवशी चाळीस किलोपैकी साध्या भट्टीत एकतीस किलो लाकूड जळालं आणि मामाजींच्या भट्टीत सतरा. गेल्या थंडीत पुन्हा तोललं तेव्हाही जवळपास तेच आलं. भट्टी पहिल्या दिवशीच बरोबर होती. चूक फक्त मी होतो.

लोक पांगले. कुणीतरी मामाजींच्या पाया पडून गेलं. मी वाट बघत होतो की आता तरी ते मला चार शब्द सुनावतील. ते निखाऱ्यांकडे बघत राहिले.

"म्हंजे पह्यल्याच दिवशी झालं होतं," ते म्हणाले. "अन् म्या बरोबर होतं तेच मोडून राह्यलो इतके साल." मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "आता उद्या सकाऊन उठून काय शोधू, जवाईबापू?"

उत्तर घरातून आलं. मामी भाकरी थापत होत्या. घरात गॅस आहे, पण भाकरी त्यांना चुलीवरचीच लागते. "आत या," त्या ओरडल्या, "अन् माही चूल पाहा. साऱ्या गावाच्या चुली पाह्यल्या तुमी. माहे डोये गेले या धुरानं, इकडे कोनी पाह्यलं?"

मामाजी माझ्या खांद्यावर हात टाकून उठले. आम्ही आत गेलो. काळी पडलेली भिंत, तोंड फुटलेली चूल, आणि धुरात पदरानं डोळे पुसणाऱ्या मामी. मामाजींना उकिडवं बसता येईना, म्हणून ते जमिनीवर पाय पसरून बसले आणि वाकून आत बघत राहिले. मग ते हळूच म्हणाले, "हे म्या पह्यले पाह्यलं पाह्यजे होतं."

"मंग आता पाहा न," मामी म्हणाल्या आणि त्यांना नीट दिसावं म्हणून परात उचलून थोड्या बाजूला सरकल्या.